धुराड्यांची ओळ

चैत्रालीनं गाडी डावीकडे वळवली आणि मी ओरडले, “थांबव.” मोठ्यानं बोलायची मला सवय आहे, पॉलिटेक्निकात पोरांच्या गोंगाटावर आवाज चढवून बिल्डिंग ड्रॉइंग शिकवण्यात माझी हयात गेली. पण मुलाकडे अमेरिकेत राहायला आल्यापासून तो आवाज आपोआप खाली आला होता, त्यामुळे सून घाबरली. तिनं गाडी कडेला घेतली, लाइट लुकलुकते केले आणि विचारलं, “आई, छातीत दुखतंय का?” सत्तरी ओलांडलेल्या बाईला एवढं तातडीचं दुसरं काय असणार, असं तिला वाटलं असेल, तिचंही बरोबर आहे. आम्ही डेंटिस्टकडून परत येत होतो. वेस्ट विंडसरला आमच्या घराकडे जाणारा नेहमीचा रस्ता गॅसच्या पाइपसाठी खणून ठेवलेला, म्हणून फोनमधली बाई आम्हाला भलत्याच रस्त्यांनी फिरवत होती. आणि तिथे, मेपलच्या झाडांमागे, मला धुराडी दिसली. विटांची, उंच, एकेका चौथऱ्यावर दोन-दोन, आणि कौलांच्या मानानं इतकी मोठी की घरं त्यांना धरायला बांधलीयत असं वाटावं. खाली बुटक्या घरांची ओळ. घरं तीन बाजूंना, मध्ये गवताचा चौक, चौथ्या बाजूला कमरेएवढी भिंत आणि कमानीचं फाटक. प्रत्येक दारावर पावसाचं पाणी बाजूला काढणारी दगडी भुवई. मी बघत राहिले. “काय आहे इथे?” चैत्रालीनं विचारलं. मी म्हटलं, “आम्सहाउस आहे. पण हे इथे कसं आलं?” तिनं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा धुराड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “आई, भूल अजून उतरली नाहीये का?” दाताचं इंजेक्शन दिलेलं होतं, माझा अर्धा ओठ लुळा होता आणि तशा ओठानं मी हसत होते, तेव्हा तिला शंका आली तर नवल नाही.

तशी घरं मी एकदाच पाहिली होती, पण हातानं मोजून पाहिली होती. पंचविशीत होते. कॉलेजनं एका वर्षाच्या कोर्ससाठी इंग्लंडला पाठवलं, हेमचंद्र तेव्हा नुसते ओळखीचे होते, लग्न अजून व्हायचं होतं. तिथल्या प्रोफेसरांनी प्रत्येकाला एकेक जुनी इमारत मोजून तिचे नकाशे काढायला दिले. कुणाला चर्च मिळालं, कुणाला पूल, मला मिळालं एका खेड्यातलं आम्सहाउस. मला आधी रागच आला. आम्सहाउस म्हणजे काय, तर कुणा पैसेवाल्या व्यापाऱ्यानं मरताना पुण्य लागावं म्हणून गावातल्या निराधार म्हाताऱ्यांसाठी बांधून ठेवलेली घरं. धर्मादाय. हिंदुस्थानातून आलेल्या मुलीला मुद्दाम गरिबांची वस्ती दिली असं माझ्या मनात आलं. पण टेप धरून आत शिरले आणि माझा राग कधी गळून गेला ते कळलंसुद्धा नाही. खोली एवढीशी, वर तेवढीच माळ्याची खोली, छत हाताला लागावं इतकं खाली, आणि त्या एवढ्याशा खोलीला स्वतःचं दार, स्वतःची शेगडीची कमान आणि स्वतःचं धुराडं. शेजारच्या घराची शेगडी नेमकी त्याच भिंतीला पाठ लावून, म्हणून वर धुराडी जोडीनं निघालेली. त्या दात्यानं धुराड्यांवर जेवढ्या विटा घातल्या तेवढ्यात आणखी दोन घरं झाली असती. असं का, म्हणून मी विचारलं, तर प्रोफेसर म्हणाले की रस्त्यानं जाणाऱ्याला दानधर्म मोजता यावा म्हणून. मला ते तेव्हा पटलं. मी तसंच लिहिलं आणि मला चांगले मार्क मिळाले.

तिथल्या कोपऱ्यातल्या घरात मिस ट्रेंट म्हणून एक म्हातारी राहायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक केलेली, पाठीत वाकलेली. ती मला खोली मोजू द्यायची, टेपचं टोक धरून उभी राहायची, पण मी पेन्सिल आणायला बाहेर गेले की दार लावून घ्यायची. परत आले की ठोठवायचं. आतून ती विचारणार, “कोण?” आता कोण असणार? आत्ताच तर गेले. पण सांगायचं, “कांचन.” मग थोडा वेळ जाणार, मग दार उघडणार आणि ती असं काही स्वागत करणार की जणू मी आत्ता बोटीवरून उतरून थेट तिच्याकडे आलेय. माझी चिडचिड व्हायची. आम्सहाउसचा वॉर्डन आला तरी हेच. धर्माच्या घरात राहायचं, धर्माचा कोळसा जाळायचा आणि तोरा केवढा, असं मी हेमचंद्रांना पत्रात लिहिल्याचं मला आठवतं. त्या वयात सगळी दारं आपल्यासाठी उघडीच असतात, त्यामुळे दाराचं कुणाला एवढं काय वाटतं ते कळायला मार्ग नसतो.

चैत्रालीनं गाडी सुरू केली. घरी पोचलो, गराजचं दार वर गेलं, आम्ही आत शिरलो, दार खाली आलं. आणि मला पहिल्यांदाच जाणवलं, इतकी वर्षं मी या घरात गराजमधूनच येते-जाते. इथे सगळेच तसे येतात, त्यात कुणाचा काही दोष नाही. रस्त्याच्या बाजूला मोठं पांढरं दार आहे, त्याला पितळी कडी आहे, दिवाळीला त्याला तोरण लागतं, पण त्यातून फक्त पार्सलं आणि पाहुणे येतात. मी कपडे बदलले आणि वरणाला फोडणी द्यायला पुन्हा गराजमध्ये गेले. हेही इकडे पुष्कळ घरी असतं. आत स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल, सोफे, टीव्ही सगळं एकाच भल्यामोठ्या दालनात, मध्ये भिंत म्हणून नाही. मोहरी तडतडली की वास वरच्या बेडरूमपर्यंत, मिरची पडली की धुराचा भोंगा बोंबलायला लागतो आणि उर्वी कानावर हात ठेवून “आजी, प्लीज” म्हणत खाली धावत येते. म्हणून संग्रामनं मला गराजमध्ये बर्फात घालायच्या टायरांशेजारी एक विजेची शेगडी आणून दिली. माझ्या सोयीसाठीच आणली, वर शेल्फ ठोकून दिलं, हिवाळ्यात पाय गारठू नयेत म्हणून खाली रबराची मॅट टाकली. असा मुलगा शोधून सापडायचा नाही. मी फोडणी दिली, वास गाड्यांना लागला, आणि कढल्यावर झाकण ठेवताना मला एकदम मिस ट्रेंटची आठवण आली, इतकी की तिच्या एप्रनचा कोळशाचा वाससुद्धा आला.

दोन-चार दिवस गेले. मग उर्वीला म्हटलं, मला उबर करून दे. ती पंधरा वर्षांची आहे, तिच्याशी माझं छान जमतं कारण ती कारणं विचारत नाही. “वॉना गो अलोन? कूल,” एवढंच म्हणाली. त्या धुराड्यांच्या घरांपाशी, फाटकाशी उतरले तर कमानीवर दगडात एका बाईचं नाव आणि १९२६ साल. फाटकालगतच्या खोलीत मिसेस पेटन भेटल्या. माझ्याच वयाच्या, काटकुळ्या, स्वेटरला कुत्र्याचे केस चिकटलेले. ट्रस्टचं काम त्या बघतात. त्यांनी सांगितलं की फळांच्या बागा असलेली एक विधवा इंग्लंडला गेली होती, तिथे तिनं अशी घरं पाहिली आणि परत येऊन हुबेहूब बांधून घेतली. एकट्या, वय झालेल्या, आपल्या परगण्यातल्या बायकांसाठी. मी धुराड्यांचं विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “ती खोटी आहेत. खाली शेगड्याच नाहीत. पहिल्यापासून वाफेचे हीटर होते.” मला इतकं हसू आलं की मी कमानीतल्या बाकावर बसले. धुराडी पोकळ, आत पारवे. पण मग त्यांनी मला कोपऱ्यातलं एक घर उघडून दाखवलं. तिथली बाई मुलीजवळ फ्लोरिडाला गेली होती आणि घर रिकामं होतं. खोली एवढीशी. छत मात्र अमेरिकन, उंच. भिंतीपाशी विजेची शेगडी आणि शेगडीच्या डोक्यावर बाहेर उघडणारी खिडकी. मी खिटी सरकवून ती उघडली. चौकात एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती, तिनं मान वर करून पाहिलं, हात केला आणि पुन्हा पाणी घालायला लागली. तेवढंच झालं. पण मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की मला ते घर हवंच आहे हे माझं मलाच कळलं, जसं भूक लागली की कळतं तसं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

विचार पुढे घरी करावा लागला. मी जेवताना सांगितलं. संग्राम जेवत राहिला. तो बापावर गेलाय, दुखलं की बोलत नाही, भात कालवत बसतो. चैत्रालीचे डोळे भरून आले. “आई, माझं काही चुकलं का?” मी म्हटलं, “अगं, तुझं कशाला चुकेल?” “मग वृद्धाश्रमात कशाला जायचंय तुम्हाला?” मी सांगितलं की हा वृद्धाश्रम नव्हे, तिथे नर्स नसते, जेवणाची घंटा नसते, आपलं आपण करून खायचं. “म्हणजे वेगळी चूल,” ती म्हणाली, आणि तो शब्द टेबलावर पडून राहिला. खरंच की. आपल्याकडे सून आली की मुलगा वेगळी चूल मांडतो, आईनं मांडलेली कुणी ऐकलीय? दोन दिवसांत इथल्या मराठी मंडळातल्या बायकांपर्यंत बातमी गेली. एक काकू पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आल्या, चैत्राली वर गेल्याचं पाहून माझ्या कानाशी लागल्या, “काही वाजलं का दोघींचं? मनात ठेवू नका.” मी म्हटलं, वाजलं नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. पोळ्या मात्र छान होत्या, आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या, संग्रामनं तर तीन. तक्रारच असती तर काम सोपं झालं असतं, पण माझी काडीची तक्रार नव्हती. माणसं चांगली, औषधं वेळेवर, नातीचा लळा. मी सुखात होते आणि मला जायचं होतं, हे कुणाला समजावून सांगायचं?

त्या दिवसांत मी माझ्या खोलीत पडून छताकडे बघत पुष्कळ काही आठवत असे. हेमचंद्र गेल्यावर पुण्याचा फ्लॅट आवरताना मी एकदाही रडले नाही, शेजारणी म्हणाल्या, खंबीर आहे बाई. खंबीर कसली, मी मनातून निर्धास्त होते. मुलगा आहे, त्याचं घर आहे, तेच आपलं. आणि तसं ते झालंही. पण सकाळी जाग आली की मी पडूनच राहायची, वरच्या पावलांचा आवाज ऐकत. कोण उठलं, कोण आंघोळीला गेलं, आता स्वयंपाकघर मोकळं असेल, आता जावं. हे मी कधी ठरवलं नव्हतं, कुणी मला सांगितलंही नव्हतं. मिस ट्रेंटची सकाळ मला आठवे. ती उठली की आधी कोळसा पेटवायची. एकदा मी लवकर गेले होते, थंडी मी म्हणत होती, चौकात उभी राहून वर पाहिलं तर एकेका धुराड्यातून धूर निघायला लागला होता. ती दारात येऊन माझ्याबरोबर वर बघत राहिली आणि बोटानं दाखवत एकेकीची नावं घेत गेली. ही उठली, ही उठली, ही अजून लोळतेय. सगळ्या उठलेल्या बघून तिला समाधान झालं आणि ती चहा करायला आत गेली. माझ्या प्रोफेसरांचं चुकलंच होतं. धुराडी रस्त्यावरच्या माणसांसाठी नव्हती, ती चौकातल्या बायकांना एकमेकींची खबर कळावी म्हणून होती, आणि ते कळायला मला म्हातारं व्हावं लागलं. मी पडल्या पडल्या हसायची. सांगणार कुणाला? प्रोफेसर केव्हाच गेले असतील.

मी अर्ज भरून दिला होता, त्यावर ट्रस्टकडून मुलाखतीचा फोन आला. जवळच्या नातेवाइकाला घेऊन या म्हणाले. संग्रामनं ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली. गाडीत आम्ही दोघंच. मी म्हटलं, “तुला नको असेल तर आत्ता सांग, मी फोन करून नाही म्हणते.” तो म्हणाला, “आई, मी ड्राइव्ह करतोय ना.” त्याचा अर्थ मला लागला नाही. तो लहानपणीही असाच, विचारलेलं सोडून तिसरंच सांगणारा. ओठांच्या कडा मात्र आत ओढलेल्या होत्या, आणि मला वाटलं, आपण या पोराला उगीच लाजवतोय. चार लोकांत त्याची आई धर्माच्या घरात राहायला गेली असं होणार. परत फिरूया म्हणावं असं दोनदा तोंडाशी आलं. म्हटलं नाही, कारण मला ते घर हवं होतं.

मिसेस पेटननी चहा केला होता, बरोबर आल्याची बिस्किटं. त्यांनी वय विचारलं, तब्येत विचारली, जिने चढता येतात का ते विचारलं. इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांनी सहज विचारलं, “सध्या तुम्ही कशा परिस्थितीत राहता?” आणि माझ्या जिभेनं माझा घात केला. मुलगा शेजारी बसलेला, समोर परकी बाई. मी सुरू झाले. माझ्या मुलाचं घर पाच बेडरूमचं आहे. मला खाली वेगळी खोली आहे, तिला जोडून बाथरूम आहे, त्यात धरायला दांड्या बसवून दिल्यात. सून लाखात एक, स्वतः मॅनेजर आहे पण मला कधी औषध विसरू देत नाही. घरामागे एवढी बाग. मला काही म्हणजे काही कमी नाही. बोलताना मी ताठ बसले होते, पदर सारखा केला होता, अगदी मुलीच्या सोयरिकीला बसल्यासारखी. मिसेस पेटननी पेन खाली ठेवलं आणि फार मायेनं सांगितलं, “तुम्ही नशीबवान आहात. पण हे घर बांधणाऱ्या बाईनं अट घालून ठेवलीय. जिला स्वतःचं घर नाही तिलाच ते द्यायचं. तुमच्याकडे तर इतकं सुंदर घर आहे.”

मला कळलं की संपलं. चूक माझीच. पण दुसरं काय सांगायला हवं होतं? मुलासमोर, परक्या माणसाला, की हो, माझे हाल आहेत? ते खोटंच झालं असतं, आणि खरं असतं तरी मी मेले असते पण बोलले नसते. आमच्यातली कुठलीच बाई बोलली नसती. मला एकदम दमल्यासारखं झालं. रडू नाही आलं, फक्त त्या खिडकीची खिटी हाताला लागली होती ते आठवलं, ती थोडी घट्ट होती, तेल द्यायला हवं होतं. मी पर्स उचलली, बिस्किटं छान होती म्हटलं आणि उठायला लागले.

“मॅम,” संग्राम म्हणाला. तो बुटांकडे बघत होता. “आईनं सांगितलं ते सगळं खरं आहे. पण ते घर माझं आहे. माझं आणि माझ्या बायकोचं.” मी त्याला हातानं खुणावलं, राहू दे. तो थांबला नाही. तो इंग्रजीत बोलत होता, पण मला ते मराठीतच ऐकू येत होतं. “आमच्याकडे ती फ्रीज उघडायच्या आधी विचारते. रोज विचारते. आम्ही सांगितलं, विचारू नकोस, तरी विचारते. मी लहान असताना ती मला न विचारता माझ्या ताटात वाढायची. नको म्हटलं तरी वाढायची. आता माझ्या ताटात काही वाढायचं असलं की ती आधी माझ्या बायकोकडे बघते.” त्यानं घोटभर चहा घेतला, कप खाली ठेवला आणि मिसेस पेटनकडे सरळ बघून म्हणाला, “माझ्या आईला घर नाही.”

माझा चेहरा तापला. पोटच्या पोरानं परक्या बाईसमोर सांगावं, माझ्या आईला घर नाही, याहून मोठी लाज ती कुठली. पण ती लाज आली आणि टिकलीच नाही. तिच्यामागून इतका आनंद आला की मी पुन्हा खाली बसले आणि पर्स मांडीवर ठेवली. म्हणजे यानं पाहिलं होतं. भात कालवत खाली मान घालून बसणाऱ्या या पोरानं, मला स्वतःलाही जे दिसलं नव्हतं ते, इतकी वर्षं रोज पाहिलं होतं.

 मिसेस पेटननी पेन उचललं आणि मला विचारलं, “कधीपासून राहायला याल?” मी सवयीनं संग्रामकडे पाहिलं. त्यानं मान फिरवली आणि तो खिडकीबाहेर बघत बसला, कितीतरी वेळ, माझ्याकडे अजिबात न बघता. मग मला कळलं, आणि मी सांगितलं, “एक तारखेला येते.”